कॉलेजचा आधारगट, शहरातला की व्हॉट्सअ‍ॅपवरचा? पुण्यातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तुलना

पुण्यात पदवीला किंवा पदव्युत्तर वर्गाला आलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यापुढे साधारण तीन पर्याय असतात. कॉलेजच्या समान संधी कक्षाभोवती जमलेला, सगळ्या अपंगत्वांचा मिश्र गट. कॉलेजबाहेर चालणारा एकाच अपंगत्वाचा गट. आणि निव्वळ व्हॉट्सअ‍ॅपवरचा. ‘कोणता चांगला?’ या प्रश्नाला उत्तर नाही. येत्या सहा महिन्यांत तुमची सर्वात मोठी अडचण कोणती, ते आधी ठरवा.

ती अडचण परीक्षा असेल तर कॉलेजचा गट सरस, यात वाद नाही. लेखनिकाचा (परीक्षेत आपण सांगितलेली उत्तरं लिहून देणाऱ्याचा) अर्ज कोणाकडे, किती दिवस आधी आणि कोणत्या कागदांसह द्यायचा, हे त्याच कॉलेजचा वरच्या वर्गातला विद्यार्थीच नेमकं सांगतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं भरपाई वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. लेखनिक न घेणाऱ्या, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यालाही तीन तासांच्या पेपरला तासभर जादा देण्याची तरतूद आहे. ती अनेकांना ठाऊकच नसते. स्वतःचा लेखनिक आणायचा असेल, तर त्याच सूचनांनुसार त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी हवं. इथेच घोडं पेंड खातं. वर्गमित्र चालत नाही आणि खालच्या वर्गातल्याचा स्वतःचाच पेपर त्या दिवशी असतो. जाणता गट म्हणूनच टर्मच्या सुरुवातीला खालच्या वर्गांतल्या तयार मुलामुलींची यादी करतो, त्यांचं वेळापत्रक ताडून पाहतो आणि प्रत्येक पेपरला एक राखीव नाव ठेवतो. कारण आयत्या वेळी ताप येतो तो लेखनिकालाच.

मिश्र गटाचं दुखणं वेगळं. समन्वयक प्राध्यापक बैठकीत बसले की प्राध्यापकांबद्दलची तक्रार कोणी तोंडातून काढत नाही. काही ठिकाणी बैठक ही अहवालात लावायच्या फोटोपुरतीच असते. जाण्याआधी एकच विचारा: ३ डिसेंबरचा दिव्यांग दिन सोडून गेल्या टर्ममध्ये किती बैठका झाल्या? उत्तर लगेच आलं नाही, तर काय ते समजा.

दुसरं म्हणजे, एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण ठरते. दृष्टिहीनाला व्हॉइस नोट सोपी, कर्णबधिराला ती निरुपयोगी. फळ्यावर लिहिलेला मुद्दा कर्णबधिराला दिसतो, दृष्टिहीनाला कोणीतरी मोठ्याने वाचावा लागतो. सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल तर एका वेळी एकानेच बोलायचं, बोलण्याआधी नाव सांगायचं आणि अधूनमधून थांबायचं. तासाभराच्या पुढे एकट्या दुभाष्यावर भिस्त ठेवू नये. हात आणि डोकं दोन्ही थकतात आणि मजकूर गळायला लागतो. गटात हे नियम कोणी ठरवले, विद्यार्थ्यांनी की कार्यालयाने, यावरून त्याचा कस कळतो.

एकाच अपंगत्वाच्या गटात हे सगळं समजावत बसावं लागत नाही. तिथे कसब शिकायला मिळतं. एक उदाहरण: जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधली पीडीएफ एनव्हीडीए (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) वाचायला घेतं तेव्हा अगम्य अक्षरांची माळ ऐकू येते. फाइल उघडते, पण उपयोग शून्य. मिश्र गटात यावर ‘आयटीवाल्यांना विचार’ इतकंच उत्तर मिळतं. दृष्टिहीनांच्या गटात मात्र पानं चित्ररूपात काढून सॉफ्टवेअरने अक्षरओळख (ओसीआर) कशी करायची, जोडाक्षरं कुठे फसतात आणि प्राध्यापकांकडे मूळ वर्ड फाइल कोणत्या शब्दांत मागायची, हे कळतं. पुण्यात निवांत अंध मुक्त विकासालय दृष्टिहीन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी काम करतं. मानसिक आजारासाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे आधारगट आहेत. मात्र तिथे सगळे तुमच्याच वयाचे असतील असं धरून जाऊ नका.

शहरातल्या गटाची किंमत प्रवासात मोजावी लागते. मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत आणि सिव्हिल कोर्ट (जिल्हा न्यायालय) स्थानकात मार्ग बदलताही येतो. त्रास सुरू होतो तो स्थानकाबाहेर: पदपथावर लावलेल्या दुचाक्या, मग पेठेतल्या जुन्या इमारतीचा जिना. ‘रॅम्प आहे का’ एवढ्यावर थांबू नका. दारापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आणि परतायला रिक्षा कुठून मिळते, तेही विचारा. विद्यापीठाच्या ४११ एकरांच्या आवारातली बैठक कागदावर जवळची असते, पण मुख्य दारापासूनचं अंतर कुबड्यांवर जाणाऱ्याला वेगळंच लागतं.

अपंगत्व दुर्मीळ असेल तर हा पर्याय बहुधा मिटतोच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वांची यादी ७ वरून २१ प्रकारांवर नेली. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली. अशा विद्यार्थ्याने समदुःखी शोधत वर्ष घालवण्यापेक्षा कॉलेजच्या मिश्र गटात बसावं.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट सूचनांपुरता ठीक. नोटिशीचा फोटो टाकला तर खाली मजकूर टाइप करायचाच, हा नियम नसेल तर दृष्टिहीन सदस्य नावापुरते उरतात. शिवाय तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. अपंगत्व उघड करायचं नसलेल्याने आधी ते ध्यानात घ्यावं. यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) किंवा प्रमाणपत्राचा फोटो अशा गटात कधीही टाकू नये, कोणी ‘पडताळणीसाठी’ मागितला तरी.

पहिल्या वर्षाला असाल तर आमचा सल्ला असा: कॉलेजच्या गटात लगेच नाव द्या आणि शहरातल्या गटात महिन्यातून एकदा, शिकायचं काम ठरवून जा. तिसऱ्या वर्षापर्यंत हे प्रमाण उलटं झालं तरी चालेल, कारण तोवर परीक्षा विभाग तुम्हाला ओळखायला लागलेला असतो. मन फार खचलं असेल तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.