विमानात बाबांनी सँडविच खाल्लं अन् मग मशीन समोर आली

घरच्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा विमानानं नेणार असाल तर तिकीट काढायच्या आधी हे वाचून घ्या. माझे ३,५४७ रुपये गेले, तिकिटाचे नाही, तिकिटाच्या वरचे. सात हजाराचा भाव धरला तर अर्धा क्विंटल कापूस, वेचाईची मजुरी वेगळी.

आम्ही आर्णीकडचे, यवतमाळ जिल्हा. बहीण पुण्याला असते, तिच्या धाकट्या पोराचं बारसं होतं. मायच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसणं तिला जमत नाही, म्हणून म्हटलं एकदाचं नागपूरहून विमानानंच जाऊ. बाबा तर कधीपासून तयारच होते. माझे मामा नोकरीत असताना सरकारी विमानानं मुंबईला जायचे, ९० च्या आसपासची गोष्ट, अन् आल्यावर बाबांना सगळं रंगवून सांगायचे की बसल्याबरोबर बाई ट्रे घेऊन येते, त्यात गोळ्या असतात, कानात घालायला कापूस असतो, मग जेवणाचं ताट येतं. बाबांना त्यातला कापूसच लय आवडला होता. "आपलाच कापूस हाय तो," असं म्हणायचे. तर त्यांच्या डोक्यात विमान म्हणजे हे.

तिकीट मी मोबाईलवरच काढलं, एका बुकिंगच्या साईटवर. ४,१५० माणशी, तिघांचे १२,४५०. शेवटच्या पानावर पैसे भरायला गेलो तर आकडा १४,०९७. मला वाटलं टॅक्स असेल. घरात लाईट जायच्या बेतात, नेट हळू, अन् वर लाल अक्षरात "फक्त २ सीट शिल्लक" असं चमकत होतं (मला तीन पाहिजे होत्या, तरी तीन मिळाल्या, तेव्हाच समजायला पाहिजे होतं). भरून टाकले. नंतर बिल उघडून पाहिलं तर माणशी ३५० कन्व्हिनियन्स फी अन् माणशी १९९ चा प्रवास विमा. विमा मी मागितलाच नव्हता, त्याच्यासमोरच्या चौकोनात बरोबरची खूण आधीपासूनच केलेली होती.

पुढचा चटका सीटचा. जायच्या दोन दिवस आधी मेसेज आला की वेब चेक-इन करा, आपली आवडती सीट निवडा. उघडलं तर विमानाचं चित्र अन् प्रत्येक खुर्चीवर किंमत, २५०, ४००, पुढची तर हजाराच्या वर. बिनपैशाची एकही दिसेना. मी म्हटलं नाही घेतली तर माय एकीकडे, बाबा दुसरीकडे, मी तिसरीकडे, अन् बाबांना तर बेल्ट बी लावता येणार नाही. त्या भीतीपायी ९०० रुपये भरले, दोन २५० च्या अन् मायसाठी खिडकीची ४०० ची. "सीट न निवडता पुढे जा" असं त्याच पानावर खाली बारीक फिकट अक्षरात लिहिलेलं होतं हे मला पुण्याला मोठ्या भाच्यानं दाखवलं तेव्हा कळलं. अन् नागपूरच्या विमानतळावर आमच्या पुढं वर्ध्याचं एक कुटुंब होतं, त्यांनी एक रुपया न देता काउंटरवर सांगितलं की सोबत म्हातारी आहे, त्या मुलीनं दोन मिनिटात तिघांना शेजारी शेजारी दिल्या. मी मागं उभं राहून पाहत होतो.

सामानाचं मात्र आम्ही जपलं होतं. पंधरा किलोच्या वर गेलं की किलोमागं पैसे घेतात हे ऐकून होतो, म्हणून डाळ, सरगुंडे, जवसाची चटणी सगळं भरून बॅगा आदल्या रात्री कापसाच्या काट्यावर मोजल्या. तिथं चूक काढायला त्यांना जागाच ठेवली नाही.

आता विमानातलं. गावातून रात्री दोनला निघालो होतो, विमान वर गेलं न माझा डोळा लागला. तेवढ्यात ती मुलगी गाडी ढकलत आली, वाकून हसून बाबांना विचारलं, "सर, सैंडविच लेंगे?" आता बाबांना तर मामाचा ट्रे माहीत! त्यांनी दोन्ही हात पुढं करून घेतलं, मायलाही घ्यायला लावलं. माय म्हणे नको, भूक नाही. बाबा म्हणे, "घे ना वं, पोरगी एवढ्या मायेनं देऊन राहिली, नाही म्हननं बरं दिसते का?" वरून काजूचा एक डबा. मी जागा झालो तेव्हा बाबा मिशीला लागलेला मसाला पुसत होते, मायनं अर्धं सँडविच रुमालात बांधून ठेवलं होतं नातवासाठी, अन् ती मुलगी मशीन घेऊन उभी. सँडविच ४०० चं एक, काजू २००. हजार रुपये.

बाबांनी बंडीच्या आतल्या खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या, घडी घातलेल्या, बारशाच्या आहेराच्या होत्या त्या. तर ती म्हणे कॅश नही चलता, कार्ड दीजिए. माझ्याजवळ कार्ड कुठलं, मी सगळं मोबाईलवरच करतो अन् वर नेट नाही. आजूबाजूचे सगळे वळून पाहून राहिले. शेवटी पुढच्या सीटवरच्या एका भाऊनं त्याच्या कार्डावरून भरले, पुण्याला उतरल्या उतरल्या मी त्याला पाठवले. त्या मुलीची चूक मी म्हणणार नाही, तिची ती नोकरी आहे, पण धोतर नेसलेला ७२ वर्षाचा माणूस समोर आहे, घ्यायच्या आधी "चार सौ रुपये का है" एवढं बोलायला किती वेळ लागतो? मेनूकार्ड समोरच्या सीटच्या खिशात होतं म्हणे. पण ते सगळं इंग्रजीत.

पुण्याला भाच्यानं बसवून सगळं समजावलं. २००३ ला एअर डेक्कननं आपल्याकडं स्वस्त विमान आणलं तेव्हापासून हे सुरू झालं, तिकीट कमी अन् खाणंपिणं विकत, मग हळूहळू सीट पण विकायला लागली. बाहेरदेशात तर २००८ मध्ये अमेरिकेतल्या जेटब्लू कंपनीनं उशी अन् पांघरुणाचे ७ डॉलर लावले होते, आधी ते फुकटच मिळायचं. वेगळे पैसे घ्यायला आपल्याकडं डीजीसीएची, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, परवानगी आहे, तिथं काही भांडता येत नाही. पण अट अशी की प्रवाशानं स्वतः मागितलं तरच, कोणाच्या गळ्यात मारता येत नाही. काउंटरवर बोर्डिंग पास द्यायचे पैसे घेता येत नाहीत, हे तर विमान वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं. अन् सोबत १२ वर्षापर्यंतचं लेकरू असेल, तिकीट एकाच पीएनआरवर असेल, तर त्याला आईजवळ नाहीतर बापाजवळ सीट द्यावीच लागते, हा एप्रिल २०२४ चा आदेश आहे. म्हणजे लेकराच्या भीतीनं सीट विकत घेऊ नका.

माझ्या विम्यासारखा प्रकार, म्हणजे न विचारता टोपलीत माल टाकणं, हा तर नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे साईटवर गिऱ्हाईकाला फसवायच्या युक्त्यांच्या) नियमात सरळ बंद केलेला आहे. एकूण १३ प्रकार आहेत त्यात. मी १९१५ वर फोन लावला, ग्राहकांची हेल्पलाईन आहे ती, मराठीत बोलता येतं. बिलाचा स्क्रीनशॉट मागितला. तीन आठवड्यांनी विम्याचे ५९७ परत आले. सीटचे नाही आले, उत्तर आलं की आपण स्वतः निवडल्या. बरोबरच आहे म्हणा, बटन तर मीच दाबलं होतं. सँडविचचं मी विचारलंच नाही, ते तर पोटात गेलं.

परतीचं तिकीट भाच्यानं कंपनीच्या स्वतःच्या साईटवर काढलं, खुणा आहेत का पाहत पाहत, सीट न निवडता. काउंटरवर मी लाजत लाजतच म्हटलं, मायची कंबर दुखते, तिघं जवळ बसवा. बसवलं. मायनं भाकरी अन् जवसाची चटणी हातातल्या पिशवीत घेतली होती, तपासणीत कोणी काही बोललं नाही, वर गेल्यावर तिघांनी खाल्ली. मग बाबांना ठसका लागला. मुलगी कागदी ग्लासात पाणी घेऊन आली तर बाबा खोकत खोकतच हात मागं घेऊन विचारतात, "याचे किती?"

ती म्हणे, "नही अंकल, पानी फ्री है."

बाबांनी तीन ग्लास मागवले.