सोसायटीचा पुनर्विकास: बिल्डरला द्यायचा की आपणच करायचा?

आमच्या सोसायटीत हा विषय निघाला तेव्हा पहिल्याच सभेत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बिल्डर लुटणार. दुसऱ्याचं म्हणणं, इथे वॉचमनच्या पगारावरून भांडणं होतात, आपण काय इमारत बांधणार? दोघांचंही खरं होतं. पुढची दोन वर्षं मी कमिटीत होतो, त्यात जे कळलं ते मुंबई-उपनगरातल्या तुमच्यासारख्या सोसायट्यांसाठी मांडतो.

आधी पैशाचं. बिल्डर आला की तो जादा बांधकामासाठी प्रीमियम भरतो, टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) विकत घेतो, सभासदांना काम चालू असतानाचं भाडं आणि कॉर्पस (एकरकमी पैसे) देतो आणि जादा बांधलेल्या, विक्रीच्या घरांवरचा नफा घेतो. स्वयंपुनर्विकासात तो नफा सोसायटीकडे राहतो, म्हणजे जास्त कार्पेट (घरातली वापराची जागा) किंवा जास्त कॉर्पस. ऐकायला गोड आहे, पण नफ्याच्या पाठीला जोखीम बांधलेली असते. कर्ज सोसायटीच्या नावावर, जमीन तारण. विक्रीची घरं वर्षभर पडून राहिली तर व्याजाचं मीटर तुमच्या दारात फिरतं. सिमेंट-सळई महागली तर बिल्डरच्या करारात तो त्याचा प्रश्न असतो, इथे तुमचा.

सरकारनं सप्टेंबर २०१९ च्या निर्णयात स्वयंपुनर्विकासाला जादा १० टक्के चटईक्षेत्र (भूखंडावर बांधता येणारं क्षेत्र), कर्जाच्या व्याजात ४ टक्के सवलत, एक खिडकी अशी आश्वासनं दिली. मुंबई जिल्हा बँकेनं कर्जाची दारंही उघडली. पण फिजिबिलिटी रिपोर्ट (प्रकल्प परवडतो का याचा हिशेब) मांडताना व्याजाची सवलत धरू नका. मिळाली तर बोनस. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ती धरली होती, आणि तेवढीच काढल्यावर प्रत्येक घरामागचं जादा क्षेत्र चांगलंच आक्रसलं.

आता जिथे मला खरा फरक दिसला ते सांगतो. तज्ज्ञ कुणाचा माणूस आहे?

बिल्डरच्या वाटेत आर्किटेक्ट बिल्डरचा, स्ट्रक्चरल इंजिनिअर बिल्डरचा, कराराचा मसुदा बिल्डरच्या वकिलाचा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या २०१९ च्या सरकारी निर्देशांप्रमाणे सोसायटी स्वतःचा पीएमसी नेमते खरी (पुणेकरांनी महापालिका समजू नये, हा प्रकल्प सल्लागार). पण बऱ्याच ठिकाणी त्याची फी शेवटी बिल्डरच्याच खिशातून येते, आणि ज्याच्या हातून पगार त्याच्याकडे नजर, हे सांगायला नको. स्वयंपुनर्विकासात ही सगळी माणसं तुमची. कंत्राटदाराचं रनिंग बिल (झालेल्या कामापुरतं) पीएमसीनं मोजून सही केल्याशिवाय चेक निघत नाही.

याचा अर्थ काय, ते एका दुपारी नकाशावर दिसलं. बिल्डरच्या आर्किटेक्टनं आणलेल्या प्लॅनमध्ये स्वयंपाकघराचं क्षेत्रफळ कागदावर चोख होतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू चष्मा पुसून नकाशावर वाकल्या आणि म्हणाल्या, "फ्रिज कुठे?" बाथरूमच्या पाइपांचा डक्ट कोपऱ्यात असा घुसवला होता की फ्रिजचं दार पूर्ण उघडलंच नसतं. डक्ट हलवला की विक्रीच्या घराची बेडरूम थोडी बारीक होत होती, म्हणून तो तिथे. चूक कुणाची नव्हती. आर्किटेक्ट आपल्या मालकाचं काम करत होता.

फसण्याची भीती दोन्हीकडे आहे, फक्त जात वेगळी. बिल्डरच्या वाटेवरचं टोक म्हणजे गोरेगावची पत्राचाळ: २००८ च्या करारानंतर ६७२ कुटुंबं बाहेर पडली, पुढे भाडं थांबलं, काम रखडलं, शेवटी म्हाडाला प्रकल्प ताब्यात घ्यावा लागला. रेरा (घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा) आहे ना, असं कुणीतरी सभेत म्हणतंच. रेराची नोंदणी विक्रीच्या घरांची असते. जुन्या सभासदाच्या घराला ते कवच सहसा मिळत नाही, त्याची सगळी भिस्त करारावर आणि बँक गॅरंटीवर. ७९ अ च्या निर्देशांत बिल्डरनं प्रकल्प खर्चाच्या २० टक्के गॅरंटी द्यावी असं सांगितलं आहे. "तुमच्यासाठी स्पेशल" म्हणून कुणी ती कमी करायला लावत असेल तर तिथेच चहा संपवून उठा.

स्वयंपुनर्विकासात उलट गंमत. विक्रीची घरं रेराखाली येतात आणि प्रवर्तक म्हणून सोसायटीच उभी राहते. उशीर झाला तर नवीन घर घेणारा तुमच्याविरुद्ध तक्रार करणार. निवृत्त सेक्रेटरीला हे आधी सांगा, मागून नको.

काही सोसायट्यांना निवडीचा प्रश्नच नसतो. जमिनीचं कन्व्हेयन्स झालेलं नसेल, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर नसेल, तर आधी मानीव अभिहस्तांतरण (मूळ मालक सही करत नसला तरी सरकारकडून जमीन नावावर करून घेणं). त्याशिवाय बँक दारात उभं करत नाही. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर उपनगरात साधारणपणे जादा चटईक्षेत्र मिळत नाही, मग विकायला घरंच उरत नाहीत आणि बिल्डरही फिरकत नाही. अशांनी शेजारच्या सोसायटीशी जुनं पार्किंगचं भांडण मिटवून एकत्र भूखंडाचा विचार करावा.

माझं मत विचाराल तर: रस्ता रुंद, कागद स्वच्छ, विक्रीचा भाग भरपूर आणि हिशेब वाचू शकणारी पाच-सहा माणसं तीन वर्षं दर आठवड्याला बसणार असतील, तर स्वतः करा. यातलं शेवटचं नसेल तर बाकी सगळं असूनही करू नका. आणि वाट कुठलीही असो, पीएमसी आणि वकील यांची फी सभासदांच्या वर्गणीतून भरा. घरामागे काही हजार पडतात, त्यावर सभेत आरडाओरडा होतो, होऊ द्या.

आमच्याकडे निवृत्त इंजिनिअर दोन होते. एक मुलाकडे पुण्याला गेले, दुसऱ्यांची बायपास झाली. आम्ही बिल्डरकडे गेलो. सभेला दोन तृतीयांश हजेरी, ५१ टक्क्यांची मंजुरी, सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा प्रतिनिधी, चित्रीकरणाला कॅमेरा, सगळं रीतसर. पण पीएमसी आमच्या पैशाचा ठेवला. त्यानं पहिल्याच बैठकीत नकाशा पसरला आणि डक्ट दीड फूट सरकवून घेतला.