पाव, पदर आणि बाणा : एका शब्दकोडे-पुस्तिकेचे परीक्षण

पणजीतील काही हौशी मराठी मंडळींनी पदरमोड करून छापलेली ही पुस्तिका बेकरी आणि हस्तकला या दोनच विषयांवरच्या शब्दकोड्यांची आहे. उत्तराचा एक अर्थ पोदेराच्या (गोव्यातल्या पाववाल्याच्या) किंवा कारागिराच्या कामातला असावा आणि दुसरा त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेला असावा, ही अट रचनाकारांनी स्वतःवर घालून घेतली आहे. ज्या कोड्यांत त्यांनी ती मनापासून पाळली आहे, तिथे पुस्तिका फार उंच जाते.

‘आरसा नको, चहा हवा’ हे ‘काकण’ या तीन अक्षरी उत्तराचे शोधसूत्र, म्हणजे उत्तराकडे नेणारी खूण, पाहा. ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ ही म्हण सर्व मराठी वाचकांना पाठ असते. पण काकण म्हणजे चहात बुडवून खायचा कडक, कड्यासारखा गोल पाव, हे ज्याच्या दारावर सकाळी पोदेराचा भोंगा वाजतो त्यालाच चटकन सुचते. पुण्या-मुंबईचा वाचक इथे अडखळेल, आणि तरीही हे सूत्र सोपे करू नये असे माझे ठाम मत आहे.

‘पाव’ या शब्दाचे सूत्र तर तिहेरी आहे : ‘देवाला म्हणावे, पोदेराकडून घ्यावे, शेराआधी लावावे’. देवाला आपण घालतो ती ‘पाव’ची साद संस्कृत ‘प्राप्’ धातूतून आली, पावशेरातला पाव ‘पाद’ म्हणजे चौथ्या हिश्शातून आला आणि खायचा पाव पोर्तुगिजांबरोबर आला. तीन वाटांनी आलेले शब्द मराठीत एकाच रूपाला येऊन मिळाले, म्हणूनच हा श्लेष ओढून ताणून केलेला वाटत नाही.

हस्तकलेच्या भागात मला सर्वांत आवडलेले सूत्र म्हणजे ‘विणकराचा आडवा, स्वाभिमान्याचा ताठ’. उत्तर अर्थातच ‘बाणा’. मागावर ताणा उभा असतो आणि बाणा आडवा जातो. ज्या कोड्यात शब्दही उभे-आडवेच विणले जातात, तिथे या शब्दाला मध्यभागी जागा दिली आहे, हे रचनाकारांच्या रसिकतेचे लक्षण आहे. तांबड्या कुणबी साडीवरून सुचलेले ‘साडीवर शोभते, गावात छळते’ (चौकडी) आणि ‘खारीचा सुटला तर खावा, साडीचा सुटला तर सावरावा’ (पदर) ही सूत्रेही तितकीच सहज आहेत. ‘जाळी’साठी दिलेले ‘केकला पडली तर कौतुक, वाघ शिरला तर पळापळ’ वाचून क्रोशाची जाळी विणणाऱ्या बायकांचा उल्लेख राहून गेल्याची चुटपूट लागते, कारण या एका शब्दात दोन्ही विषय एकत्र आले असते.

व्याकरणाची जाण दिसते ती ‘टाके’ या उत्तरात. ‘किल्ल्यावर पाण्याने भरलेले, कापडावर दोऱ्याने घातलेले’ असे सूत्र आहे. किल्ल्यावरचे टाके नपुंसकलिंगी एकवचनी, शिवणीचे टाके पुल्लिंगी अनेकवचनी. पण लिखित मराठीत दोघांचीही विशेषणे ‘-लेले’ अशीच येतात, त्यामुळे सूत्रात कुठेही उत्तर उघडे पडत नाही. बोलताना आपण ‘भरलेलं’ म्हणतो आणि बिंग फुटते, म्हणून हे कोडे वाचूनच सोडवावे.

असे बारकावे सांभाळणाऱ्या मंडळींकडून ‘सूत’ या शब्दाचे सूत्र ‘धागा किंवा मुलगा’ असे यावे, याचे मला खरोखर वाईट वाटले. धाग्याचा ‘सू’ दीर्घ आणि मुलगा या अर्थाच्या ‘सुत’मधला ‘सु’ ह्रस्व असतो. मराठी कोड्यात ऱ्हस्व-दीर्घ हा उत्तराचाच भाग असल्यामुळे ही चूक क्षम्य नाही. सारथी या अर्थाचा ‘सूत’ दीर्घच आहे आणि सूतपुत्र कर्ण कोणाला माहीत नाही? ‘चरख्यावर कातावे की रथावर बसवावे’ एवढे लिहिले असते तरी काम भागले असते.

दुसरी अडचण रचनेची आहे. माग, पीठ, ताव, घडी, गाठ असे द्व्यर्थी शब्द बहुतेक दोनच अक्षरांचे असल्यामुळे काही चौकटींत काळी घरे फार झाली आहेत आणि एकमेकांना छेदणारी अक्षरे अपुरी पडतात. ‘माग’ अडला तर बाजूचा कोणताही शब्द मदतीला येत नाही. ‘कशिदाकाम’ किंवा ‘वेलबुट्टी’ यांसारखे लांब शब्द साध्या अर्थाने वापरले असते तरी चालले असते.

छपाईबद्दल थोडक्यात. शब्दकोड्यांचे जनक मानले जाणारे आर्थर विन यांचे १९१३ मधले पहिले कोडे इंग्रजीत होते, म्हणून त्याच्या प्रत्येक घरात एकेक सुटे रोमन अक्षर मावत होते. मराठी घरात जोडाक्षर, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र मावावे लागतात. इथली घरे त्या मानाने लहान आहेत आणि कागद खोडरबराने फाटतो. पुढच्या आवृत्तीत घरे मोठी करावीत, ‘सूत’ दुरुस्त करावे आणि उत्तरांच्या पानावर प्रत्येक शब्दाचे दोन्ही अर्थ द्यावेत. आहे त्या रूपातही मी ही पुस्तिका शिक्षकांना आणि कोडी सोडवणाऱ्या घरांना घ्यायला सांगेन, आणि सुरुवात ‘काकण’ असलेल्या कोड्यापासून करा असेही सुचवेन.