जुने पेपर आणि जमिनीचे कागद: १८८९ च्या एका खुनाचा माग काढायला या दोन फुकट साइट्स

ज्यांना जुनी प्रकरणं खणून काढायची आवड आहे, म्हणजे मोठ्या घराण्यांनी दाबून टाकलेल्या भानगडी वगैरे, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय. साइट्स दोन आहेत, दोन्ही अमेरिकेतल्या, दोन्ही सरकारी, आणि दोन्ही पूर्ण फुकट. पहिली ‘वायोमिंग न्यूजपेपर्स’, वायोमिंग राज्याच्या स्टेट लायब्ररीची, जुन्या पेपरांची पानंच्या पानं स्कॅन करून ठेवलीयेत आणि शब्द टाकून शोधता येतात. दुसरी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे तिथल्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याची, ‘जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स’, इथे सरकारी जमीन पहिल्यांदा एखाद्या माणसाच्या नावावर झाली त्याचे मूळ कागद बघायला मिळतात. एकेकटी साइट चांगली आहेच, पण माझं म्हणणं असं की दोन्ही शेजारी शेजारी उघडून बसलात तरच खरी मजा येते, आणि ते का हे सांगायला एक प्रकरण सांगावंच लागेल.

२० जुलै १८८९. वायोमिंग तेव्हा राज्य नव्हतं, टेरिटरी होती, म्हणजे राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश. स्वीटवॉटर नदीच्या खोऱ्यात, इंडिपेंडन्स रॉकच्या जवळपास, गुरांचे मोठमोठे कळप बाळगणाऱ्या सहा रँचवाल्यांनी एला वॉटसन नावाच्या बाईला आणि जिम अ‍ॅव्हरेल नावाच्या माणसाला बळजबरीने नेलं आणि झाडाला लटकवून मारलं. सहाही जणांची नावं सगळ्यांना माहीत होती: अल्बर्ट बॉथवेल, टॉम सन, जॉन डर्बिन, रॉबर्ट कॉनर, रॉबर्ट गॅलब्रेथ आणि अर्नेस्ट मॅक्लीन. अटक झाली, पण ते एकमेकांनाच जामीन राहिले आणि सुटले. ऑक्टोबरमध्ये रॉलिन्स गावात ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणारी नागरिकांची ज्युरी, बसली तोवर साक्षीदारच उरले नव्हते. फ्रँक ब्युकॅनन, ज्याने खुनाच्या दिवशी त्या सहा जणांचा पाठलाग करून गोळ्या झाडल्या होत्या, तो गायब. एलाकडे राहणारा जीन क्राउडर नावाचा लहान पोरगा, त्याचाही पत्ता नाही. अ‍ॅव्हरेलचा भाचा राल्फ कोल मेला, विष दिलं असं लोक बोलत राहिले. खटला उभाच राहिला नाही. सहापैकी एकालाही शिक्षा नाही.

आणि मग पेपरांनी एलाला ‘कॅटल केट’ करून टाकलं. गुरं चोरणारी, वेश्या, चोरीची वासरं घेऊन त्या बदल्यात शरीर विकणारी. हीच गोष्ट पुढे जवळजवळ शंभर वर्षं चालली, पुस्तकांत छापली गेली, सिनेमावाल्यांनी घेतली, पर्यटकांना सांगितली गेली.

ती खोडून काढण्यात मोठा वाटा आहे जॉर्ज हफस्मिथ या माणसाचा. हा ना पोलीस ना इतिहासाचा प्रोफेसर, हा संगीतकार! त्याला या प्रकरणावर ऑपेरा लिहायचा होता, त्यासाठी वाचायला लागला तर गोष्ट कुठेच जुळेना, मग कोर्टातले कागद, जमिनीच्या नोंदी, जुने पेपर असं करत करत वर्षानुवर्षं तो त्याच्या मागे लागला आणि शेवटी १९९३ मध्ये सगळं छापलं. इंटरनेट नव्हतं तेव्हा. आज आपण खुर्चीत बसून यातलं बरंच काही स्वतः तपासू शकतो, म्हणून मला या साइट्सचं इतकं कौतुक आहे.

आधी पेपरांची साइट. इथे करायचं काय, तर २० जुलैनंतरच्या आठवड्यातले शायनचे पेपर आधी वाचायचे, ‘शायन डेली लीडर’ आणि ‘शायन डेली सन’. शायन ही राजधानी, गुरांच्या मालकांची जी बलाढ्य संघटना होती, वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशन, तिचं सगळं वजन तिथे. हे पेपर एलाबद्दल जे लिहितात ते वाचताना अंगावर येतं, कारण लिहिणारा तिला ओळखतच नाही, केट मॅक्सवेल नावाच्या वेगळ्याच बाईच्या भानगडी तिच्या नावावर चिकटवल्यात. मग त्याच दिवसांतले रॉलिन्स-कॅस्परकडचे छोटे पेपर उघडायचे. सूर बदलतो. खून जिथे झाला तिथल्या लोकांना ही माणसं रोजच्या ओळखीतली होती. अ‍ॅव्हरेलचं छोटं दुकान होतं, तो पोस्टमास्तर होता, जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे छोटा स्थानिक न्यायाधीश, होता, आणि खुनाच्या काही महिने आधीच त्याने कॅस्परच्या पेपरात पत्र लिहून बड्या रँचवाल्यांच्या जमीन बळकावण्यावर टीका केली होती. हे कळल्यावर शायनची बातमी परत वाचा, वेगळीच दिसते.

शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा, पानावरचा मजकूर मशीनने वाचून घेतलेला आहे, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची शाई पसरलेली असली की मशीन काहीच्या काही अक्षरं वाचतं, जुन्या पेपरांच्या कुठल्याही साइटवर हे असतंच. त्यामुळे अ‍ॅव्हरेलचं स्पेलिंग दोन्ही प्रकारे टाकून बघा, शेवटी ई-एल-एल आणि शेवटी आय-एल-एल, कारण तेव्हाच्या बातमीदारांनीच दोन्ही वापरलीत. नावाने नाही सापडलं तर नदीचं नाव आणि तारीख टाका. आणि नुसता सापडलेला तुकडा वाचू नका, अख्खं पान वाचा, शेजारच्या कॉलमात गुरांचे भाव, रँचच्या जाहिराती, कोणाचा कळप कोणाला विकला, सगळं असतं, आणि कोण कोणाचा माणूस आहे हे तिथेच कळायला लागतं. वायोमिंगबाहेर ही बातमी कशी पसरली ते बघायचं असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ आहे, तेही फुकट.

आता जमिनीची साइट, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अटींत बसणारं कोणीही १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगू शकत होतं, घर बांधा, जमीन कसा, पाच वर्षं राहा, मग जमीन तुमच्या नावावर. बड्या रँचवाल्यांची गुरं मात्र वर्षानुवर्षं याच सरकारी जमिनीवर चरत होती, मालकी कागदावर कुठेच नाही, पण मनात पक्की. त्यात १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात गुरं अक्षरशः पटापट मेली, धंदा हलला, आणि मग पाण्याजवळच्या प्रत्येक तुकड्याला किंमत आली. एलाने १८८८ मध्ये जो तुकडा आपल्या नावे नोंदवला तो बॉथवेल जे कुरण आपलं समजून वापरत होता नेमका तिथला, हॉर्स क्रीकच्या पाण्याजवळ. त्याने विकत मागितला, तिने नाही दिला. तिने थोडी गुरं विकत घेतली, त्यांना डाग द्यायला स्वतःची खूण हवी म्हणून अर्ज केले, ते फेटाळले गेले. आणि १८८४ च्या कायद्याने रानात सापडलेली बिनडागाची वासरं त्या असोसिएशनच्याच ताब्यात जात होती! म्हणजे छोट्या माणसाने गुरं पाळायची तरी कशी?

साइटवर नाव टाकून शोधता येतं किंवा जमिनीच्या वर्णनाने. वर्णनाची पद्धत सुरुवातीला डोक्यावरून जाते, पण सोपी आहे: टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्याचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चतकोर म्हणजे होमस्टेडचे १६० एकर. एकदा हे बसलं की एखाद्या खोऱ्यात पाण्याकाठचे चौकोन कोणाकोणाच्या नावावर गेले ते एकामागून एक बघत जाता येतं. सर्वेचे जुने नकाशे पण जरूर उघडा, त्यांत ओढे, वाटा, कुठे कुठे घरंसुद्धा दाखवलेली असतात. हा भाग आज नट्रोना काउंटीत येतो, तेव्हा सगळा कारभार कार्बन काउंटीतून, रॉलिन्सहून चालायचा, म्हणून दोन्ही नावं टाकून बघा.

पण इथे एक मोठी मेख आहे. या साइटवर पेटंट असतात, म्हणजे शेवटचा पक्का कागद. एलाला तो मिळण्याआधीच मारलं, पाच वर्षं पुरी झालीच नाहीत. तिथे नाव सापडतं ते जो जगला आणि टिकला त्याचं. आपल्याकडे नुसता आजचा सातबारा बघून जमीन कोणाकडून कशी गेली ते कळत नाही, जुने फेरफार काढावे लागतात, तसंच आहे हे. तर फेरफारांच्या जागी काय, तर ट्रॅक्ट बुक्स. त्यात अर्ज केलेले, रद्द झालेले, सोडून दिलेले सगळे दावे हाताने लिहिलेले असतात, आणि ती ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळी शोधायच्या साइटवर स्कॅन केलेली आहेत, फुकट खातं उघडावं लागतं. तिथे शब्द टाकून शोधायची अपेक्षा ठेवू नका, टाउनशिप-रेंज, म्हणजे त्या चौकोनाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम नंबर, हातात घेऊन पान पान उलटायचं. मूळ फाइल्स नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, त्या पैसे भरून मागवाव्या लागतात. जो नुसतं पेटंट बघून ‘हिची जमीन नव्हतीच’ म्हणेल तो त्या सहा जणांचंच म्हणणं परत छापेल, म्हणून हे इतकं लांबण लावून लिहिलं.

या दोन्ही साइट्सवर न मिळणारी एक गोष्ट म्हणजे कोर्टातले कागद. १८८६ मध्ये लँडर गावात अ‍ॅव्हरेल आणि ‘एलेन लिडी अँड्र्यूज’ अशा नावाच्या बाईने लग्नाचं लायसन्स काढल्याची नोंद आहे, ही एलाच होती असं अभ्यासक मानतात. लग्न प्रत्यक्षात झालं का यावर वाद आहे, पण लपवायचं कारण सरळ दिसतं, नवरा असलेल्या बाईला वेगळा होमस्टेड मागता येत नव्हता. पेपरांनी ज्याला व्यभिचार म्हणून रंगवलं त्याच्या मागे बहुतेक १६० एकर होते. हे फार महत्त्वाचं आहे आणि मला वाटतं अजूनही पुरेसं बोललं जात नाही.

रेटिंग द्यायचं तर पेपरांच्या साइटला साडेचार, जमिनीच्या साइटला चार, ते पण फक्त नवख्या माणसाला पेटंट आणि दावा यातला फरक कळायला वेळ लागतो म्हणून. आपल्या जुन्या मराठी पेपरांसाठी पण अशी शब्द टाकून शोधता येणारी फुकट सोय व्हावी असं फार मनापासून वाटतं.

सुरुवात करणार असाल तर जुलै १८८९ पासून नका करू, त्याच वर्षीच्या वसंतापासून करा, अ‍ॅव्हरेलच्या पत्राच्या आसपासचे अंक, मग क्रमाने पुढे या ऑक्टोबरच्या ज्युरीपर्यंत. प्रत्येक पान डाउनलोड करून पेपरचं नाव, तारीख आणि पान नंबर फाइलच्या नावातच लिहून ठेवा. आणि कोणाला ट्रॅक्ट बुकात हॉर्स क्रीकच्या त्या तुकड्याचं पान सापडलं तर खाली टाउनशिप-रेंजसकट टाका.