आईच्या डोळ्याचा एमआरआय : कर्वे रस्त्यावरच्या सेंटरचा अनुभव

गणपतीतल्या फोटोंत आईचा डावा डोळा पुढे आल्यासारखा दिसला. झोपेतही त्या डोळ्याची पापणी पुरती मिटत नव्हती, खाली पांढरी रेघ उघडी राहायची. डोळा किती पुढे आलाय ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्र लावून मोजलं : उजवा १८, डावा २२ मिलिमीटर. दोन्हींत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला की कारण शोधायलाच हवं, म्हणाले. चिठ्ठीवर 'ऑर्बिट' लिहून दिलं, म्हणजे डोळ्याची खोबण.

घराजवळच्या एका ठिकाणी चिठ्ठी नीट न वाचता मेंदूचा सीटी काढला. जाड जाड काप, खोबण जेमतेम दोन चित्रांत. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि बाजूला ठेवली. आईच्या अंगावर फुकट किरणं गेली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्यांदा त्यांनी एमआरआय सांगितला, म्हणून या सेंटरला आलो. "थायरॉईडचे रिपोर्ट आणलेत का?" हे काउंटरवरच्या मुलीने आपणहून विचारलं. आईच्या पाटल्या कित्येक वर्षांत निघाल्या नव्हत्या. सिस्टरांनी साबण लावून, न दुखवता काढल्या. काजळही पुसायला लावलं. त्यात धातूचे कण असले तर नेमकं डोळ्यापाशीच चित्र बिघडतं. टेक्निशियनने एकदा पुसून झाल्यावर टॉर्च मारून पाहिलं आणि पुन्हा पुसायला सांगितलं. आत आईला दर थोड्या वेळाने माइकवरून सांगत होते, "काकू, डोळे मिटलेले ठेवा, बुबुळं हलवू नका."

नंतर रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मला स्क्रीनसमोर बसवलं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. डोळ्याखालचा आणि नाकाकडचा स्नायू मधोमध चातीसारखा फुगलेला, पण डोळ्याला जोडला जातो तिथे बारीकच. थायरॉईडमुळे डोळा पुढे येतो तेव्हा बहुधा असंच दिसतं, आणि मोठ्या माणसांत डोळा पुढे येण्याचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण. चरबीचा पांढरेपणा दाबून घेतलेल्या चित्रात ते स्नायू चमकत होते. ते सुजेतलं पाणी, म्हणजे सूज ताजी आहे, औषधाने उतरण्याजोगी. जुनी होऊन स्नायू घट्ट झाले की औषधाचा फारसा उपयोग होत नाही. खोबण मागे निमुळती होते तिथे नजरेची नस दबलेली नव्हती. ते ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला.

वेळ दहाची दिली होती, नंबर लागला पावणेबाराला. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाच बरी. रिपोर्ट मात्र त्याच संध्याकाळी मिळाला, दोन्ही डोळ्यांची मापं आणि एकेका स्नायूची नोंद असलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांना परत काही काढायला सांगावं लागलं नाही. रक्तातलं टीएसएच जवळजवळ शून्य निघालं, म्हणजे थायरॉईड जास्त काम करतंय; ते कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या. स्टिरॉइड दर आठवड्याला सलाइनमधून आहे. दुसरा डोस शुक्रवारी.