‘द गर्ल ऑन द ट्रेन’: काही महिन्यांनी, दुसऱ्या वाचनानंतर

ई-बुकचं ॲप अपडेट झालं आणि मी केलेल्या सगळ्या खुणा आणि टिपा गेल्या. कस्टमर केअरला कळवलं, तर ‘तुमचं पुस्तक तुमच्या खात्यात सुरक्षित आहे’ एवढंच उत्तर आलं. मी पुस्तकाबद्दल विचारलंच नव्हतं. पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकावर वाचकाने केलेलं काम जपायची जबाबदारी ॲपवाल्यांची आहे, आणि ती त्यांनी पाळलेली नाही. खुणा परत करायच्या म्हणून पॉला हॉकिन्सची ही कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा वाचली आणि मत बरंच बदललं, म्हणून हे लिहिते आहे. पुढे रहस्य फुटणार आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी आधी कादंबरी वाचावी.

कथानक सांगत बसत नाही. २०१५ साली आलेली ही कादंबरी इतकी गाजली की पुढच्याच वर्षी एमिली ब्लंटचा सिनेमा आला. रेचल, मेगन, ॲना, टॉम ही नावं घरगुती थ्रिलर वाचणाऱ्या बहुतेकांना माहीत असतात; बाकीच्यांसाठी एवढंच: रेचल दारूच्या आहारी गेलेली, टॉम तिचा आधीचा नवरा, ॲना त्याची आताची बायको, आणि मेगन म्हणजे रेचल ट्रेनच्या खिडकीतून जिला बघत असते ती त्याच वस्तीतली बाई.

पहिल्या वाचनात मी चिडले होते ती रेचलच्या आठवणीवरून. १३ जुलै २०१३ च्या रात्री ती प्यालेली असते, भुयारी रस्त्यात काहीतरी घडतं, डोक्याला लागतं आणि सकाळी तिला काहीच सांगता येत नाही. त्याच रात्री मेगन नाहीशी होते. सगळं रहस्य या एका कोऱ्या रात्रीवर उभं आहे. आता दारूमुळे येणारा ब्लॅकआउट म्हणजे साधं विसरणं नव्हे. दारू भराभर चढली की मेंदूतला हिप्पोकॅम्पस अनुभवांची नोंद ठेवणंच थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, घरीही पोचतो, पण आत काही साठत नाही. जे साठलंच नाही ते नंतर आठवणार कुठून? हे कादंबरीतच सांगितलेलं आहे, रेचलला ते ठाऊक आहे, आणि तरीही शेवटाकडे तिला हवं ते नेमकं आठवतं. लेखिकेने नियम स्वतःच घालून द्यावा आणि अडचण आली की तो गुंडाळून ठेवावा, हे मला रहस्यकथेत अजिबात चालत नाही. तेव्हा मी पाचपैकी दोनच तारे दिले होते.

आता त्याच मुद्द्यावर मी पुस्तकाच्या बाजूने आहे. ब्लॅकआउट दोन तऱ्हेचे असतात. एकात सगळंच कोरं राहतं. दुसरा तुटक असतो: काही तुकडे साठतात आणि ती जागा, तो चेहरा पुन्हा समोर आला की वर येतात. दुसऱ्यांदा वाचताना मी फक्त हे तुकडे शोधत गेले, आणि ते मुळापासून पेरलेले आहेत. लाल केसांचा माणूस, भुयार, पाठमोरी चालत जाणारी बाई. रेचल ती जागा पुन्हा गाठते, त्या माणसाशी बोलते आणि मग एकेक तुकडा सरकतो. शिवाय आठवण परत आली म्हणून ती खरी असेलच असं नाही, हेही लेखिकेने पाळलं आहे. टॉमबरोबर दिसलेली बाई ॲनाच, असं रेचल बराच काळ धरून चालते. ती मेगन असते, आणि तिला मारणारा टॉमच. नियम कुठेही मोडलेला नाही.

यापुढे जे हाती लागलं ते मात्र या मुद्द्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. या वेळी मी खुणा केल्या त्या फक्त एका गोष्टीवर: रेचलने काय काय केलं हे टॉम तिला जिथे जिथे सांगतो त्या जागांवर. तुम्हीही करून बघा. तो बहुतेक वेळा ओरडत नाही. थकलेल्या, समजूतदार माणसासारखा बोलतो, जरा माफही करतो. रेचल स्वतःबद्दल जे सगळ्यात वाईट समजते त्यातलं फार थोडं तिने स्वतः पाहिलेलं आहे, बाकीचं त्याने सांगितलेलं आहे. ती वाचकाला सांगते, वाचकही तिच्यावर विश्वास ठेवतो, आणि तिचं नाव पुढे करून टॉम आपल्याशीही खोटं बोलत राहतो.

गोल्फच्या काठीचा प्रसंग घ्या. रेचलने दारूच्या नशेत काठी उगारली आणि भिंतीचा गिलावा उडाला, अशी गोष्ट आहे. भिंतीवरचा खड्डा खरा. तो रोज दिसतो, म्हणून गोष्टही खरी वाटते. पण त्या रात्रीचं रेचलच्या मनात जे उरलं आहे त्यात राग नाही, भीती आहे. हल्ला करणाऱ्या बाईला भीती का वाटावी? घटना पुसली गेली आणि भावना शिल्लक राहिली, आणि तिनेच टॉमचं खोटं उघडं पाडलं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. नवरा असं वागू शकतो हे कादंबऱ्यांतून अनेकदा वाचलं आहे, पण बायकोच्या आठवणींचा मजकूर तोच लिहून देतो, हे इतक्या जवळून कुणी दाखवलेलं मी वाचलेलं नाही.

बाकीच्या तक्रारी कायम आहेत. तिन्ही बायका प्रथमपुरुषी वर्तमानकाळात बोलतात आणि वाक्यांची चाल जवळजवळ एकच. वर नाव नसेल तर मेगन आणि ॲना वेगळ्या ओळखता येत नाहीत. मेगनचा नवरा स्कॉट ठीक. कमाल नावाचा मेगनचा थेरपिस्ट तर संशयासाठी आणून उभा केला आहे; रेचल पेशंट बनून त्याच्याकडे जाते तेव्हा मोठं काही घडेल असं वाटतं, आणि तो धागा विरून जातो. पोलीस तपास असून नसल्यासारखा.

ॲना मात्र पहिल्यापेक्षा कितीतरी वर गेली. आधी ती मला नुसती खाष्ट, रेचलला हाकलून देणारी नवी बायको वाटली होती. टॉमचा लपवलेला फोन सापडल्यावर ती लगेच जाब विचारत नाही. ती गप्प राहते, हिशोब करते, हातातलं घर आणि मूल टिकवायला बघते. त्या गप्प बसण्यात तिचा अख्खा स्वभाव आहे. म्हणूनच शेवटी टॉमच्या गळ्यात कॉर्कस्क्रू घुसलेला असताना ॲना तो आणखी पिळते, ते मला पटतं. रेचल स्वतःचा जीव वाचवत असते. ॲना निर्णय घेते. त्यानंतर दोघी पोलिसांना एकच जबानी देतात. घरगुती थ्रिलरमध्ये पहिली आणि दुसरी बायको एकमेकींच्या झिंज्या धरून संपतात, इथे तसं होत नाही, याबद्दल लेखिकेला मनापासून दाद.

कुठल्या रूपात घ्यावी याबद्दल स्पष्ट सांगते. ऑडिओबुकमध्ये तिघींना तीन वेगवेगळे आवाज आहेत, त्यामुळे सारखेपणाची तक्रार तिथे मिटते. पण रेचल २०१३ च्या जुलैत सुरू होते, तर मेगन वर्षभर मागे, २०१२ च्या मे महिन्यात. ऐकताना तारीख कानावरून निघून जाते आणि मेगन कधी जिवंत आहे, कधी नाही, याचा घोळ होतो. या पुस्तकात बोट ठेवून मागे जाऊन तारीख तपासावीच लागते. छापील प्रत घ्या, पेन्सिल घ्या, आणि टॉमच्या वाक्यांखाली रेघा ओढा. आता माझ्याकडून चार तारे. पाचवा कमालमुळे गेला.