टीएमजेच्या अभ्यासाला कवटी बरी की थ्रीडी अ‍ॅप?

टीएमजेसाठी, म्हणजे जबड्याच्या सांध्यासाठी, दोन्ही वापरून झालं आहे. एकट्यावर कोणाचंच भागत नाही, तरी पहिलं काय घ्यावं याबद्दल माझं मत आहे.

अ‍ॅपची बाजू भक्कम आहे. मॅसेटर (चावण्याचा स्नायू), झायगोमॅटिक आर्च (गालाच्या हाडाची कमान), कोरोनॉइड (खालच्या जबड्याचं वर आलेलं पुढचं टोक) एकेक लपवत गेलात की लॅटरल टेरिगॉइड या जबडा पुढे ओढणाऱ्या स्नायूची दोन्ही हेड्स (उगमाकडची टोकं) समोर येतात: वरचं स्फिनॉइड हाडाच्या ग्रेटर विंगवरून निघालेलं, खालचं लॅटरल टेरिगॉइड प्लेटवरून. कॉन्डाइलच्या (खालच्या जबड्याचं सांध्यात बसणारं गोल टोक) मानेमागून वळणारी ऑरिक्युलोटेम्पोरल नर्व्हसुद्धा दिसते. कवटीत यातलं काहीच नाही. डिस्क, म्हणजे सांध्यातली चकती, तीही नाही! दात जुळवून धरले की कॉन्डाइल आणि फोसा (कवटीतली त्याची खाच) यांच्या मध्ये फट उरते, ती डिस्कची जागा समजायची.

माझं घोडं अडलं ते तोंड उघडण्यापाशी. मी वापरलेल्या अ‍ॅपमध्ये बटण दाबलं की जबडा बिजागरीसारखा जागच्या जागी फिरायचा. आता या सांध्याची सगळी गंमत सरकण्यात आहे. सुरुवातीचे 20-25 मिमी मुख्यतः फिरणं. त्यापुढे कॉन्डाइल डिस्कला सोबत घेऊन आर्टिक्युलर एमिनन्सवरून (खाचेपुढचा हाडाचा उंचवटा) खाली-पुढे जातो. डिस्क पुढे घसरलेली असेल तर येणारा 'कट' आवाज, जांभई देताना जबडा निखळणं, हे सगळं या सरकण्याशिवाय समजणार कसं? अ‍ॅपमध्ये तोंड पूर्ण उघडलं तरी कॉन्डाइल आपला खाचेतच! बाकीची अ‍ॅप्स कदाचित नीट दाखवत असतील. मला मात्र हे दर वेळी खटकायचं.

कवटीचा सुटा जबडा हातात धरून एकच कॉन्डाइल पुढे सरकवा, हनुवटी विरुद्ध बाजूला वळते. सांगावंच लागत नाही. खऱ्या हाडाची कवटी असेल तर फोसाचं छत दिव्यासमोर धरा. ते इतकं पातळ असतं की उजेड झिरपतो. चावण्याचा भार छतावर न येता एमिनन्सच्या उतारावर का येतो, हे तिथेच पटतं. प्लास्टिकमध्ये हे सुख नाही, पण सरकवता तेही येतं.

उद्यावर नर्व्ह-सप्लायचा पेपर असेल तर अ‍ॅपच उघडा. एरवी मी कवटी आधी घेईन. फक्त घेताना जबड्याची स्प्रिंग काढता येते का ते बघा. नाहीतर तिथेही बिजागरीच पदरात पडायची.